ट्यूब लावण्याआधी : त्वचाविकारतज्ज्ञ नेमके काय पाहतात?

शेवंती

गेल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांच्या कमरेवर, करगोट्याच्या रेषेत, रुपयाएवढा लालसर चट्टा उठला. त्याची कड उंचावलेली होती, मधला भाग बराचसा साफ होता आणि रात्री अंथरुणावर पडले की खाज सुटत असे. आपण ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो तेच हे, एवढे घरात सर्वांनाच कळत होते. मामंजींनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तीन दिवसांत खाज थांबली आणि दुकानदाराचे घरात कौतुक झाले. आठवड्याने ट्यूब संपली, तसा चट्टा दुप्पट होऊन परत आला. मग दुसरी ट्यूब, तिसरी ट्यूब, शेजाऱ्यांनी सुचवलेली चौथी, असे करता करता दिवाळीपर्यंत तो कमरेवरून जांघेत उतरला, सासूबाईंच्या पोटावर उठला आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाच्या गालावरही दिसू लागला.

शेवटी आम्ही त्वचाविकारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भेटीची वेळ घेतानाच त्यांच्याकडून निरोप आला होता, की आजवर जे जे लावले ते सगळे पिशवीत घालून घेऊन या. टेबलावर सात ट्यूबा ओळीने मांडल्या गेल्या. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येकीच्या पाठीवरची मुंगीच्या पायांएवढी अक्षरे वाचली आणि पाच ट्यूबा बाजूला काढल्या. त्या पाचांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉल नावाचे तीव्र स्टेरॉइड, म्हणजे लाली आणि खाज दाबणारे औषध, होते. त्यानंतर त्यांनी एका पात्याच्या बोथट बाजूने चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला आणि आम्हाला पंधरा-वीस मिनिटे बाहेर बसवले. नंतर त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. पेशींच्या फिकट फरसबंदीवरून पारदर्शक, फाटे फुटलेले, मध्ये मध्ये पेरे असलेले तंतू आडवेतिडवे गेले होते. पाच महिने ज्याच्याशी भांडत होतो त्याचे तोंड त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

त्या अनुभवानंतर मला प्रश्न पडला, की त्वचा, केस आणि नखे यांच्या बाबतीत हे तज्ज्ञ असे काय पाहतात जे आपल्याला किंवा दुकानदाराला दिसत नाही. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत ही विनंती. मात्र येथे औषधांची नावे विचारून स्वतःवर उपचार सुरू करू नयेत.

काउंटरमागून

ताई, मी त्या काउंटरच्या पलीकडे बावीस वर्षे उभा आहे, म्हणून आमची बाजू मांडतो. समर्थन म्हणून नव्हे. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "खाजेची ट्यूब द्या, परवा दिली होती तीच." त्याला मी निव्वळ बुरशीविरोधी मलम दिले तर त्याची खाज दोन-तीन दिवसांत थांबत नाही आणि तो पुढच्या दुकानात जातो. स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब दिली तर तो आठवड्याने मिठाई घेऊन येतो आणि महिन्याने पुन्हा ट्यूब घ्यायला येतो. धंद्याचे गणित कोणत्या बाजूला झुकते हे वेगळे सांगायला नको.

कायद्याने यात काही केले नाही असे नाही. त्वचेवर लावायच्या अनेक स्टेरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या सक्तीतून जी सवलत होती ती २०१८ साली काढून घेण्यात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली आणि त्यांत बुरशीविरोधी औषध, जिवाणूविरोधी औषध आणि स्टेरॉइड या तिन्हींची एकत्र मोट बांधलेली काही मलमेही होती. एका मिश्रणावर बंदी आली की एखादा घटक बदलून दुसरे मिश्रण बाजारात येते, हे मात्र आम्ही रोज पाहतो. खोक्यावरची उभी लाल रेघ चिठ्ठीशिवाय विक्री नाही असे सांगते. गेल्या वर्षभरात ती रेघ बोटाने दाखवून मला प्रश्न विचारणारी दोन माणसे भेटली, आणि त्यांतली एक परिचारिका होती.

त्वचावैद्य

मी याच शाखेत काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे या शाखेच्या पदवीत तीन शब्द असतात : त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग. एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे हे शिक्षण घ्यावे लागते. केस आणि नखे यांचा त्या नावात उल्लेख नसला, तरी ती त्वचेचीच रूपे आहेत आणि त्यांचे आजार याच शाखेकडे येतात. चेहरा उजळवणे हा या पदवीतला चौथा शब्द नव्हे, एवढे कंसाबाहेरचे सांगून ठेवतो.

शेवंतीताईंच्या सासऱ्यांच्या बाबतीत काय झाले ते पाहू. नायट्याची लाली, उंच कड आणि खाज ही बुरशीची नसून बुरशीविरुद्ध शरीराने दिलेल्या झुंजीची खूण असते. तीव्र स्टेरॉइड ती झुंजच थांबवते. त्यामुळे खाज जाते, कड बसते, चट्टा फिकट होतो आणि बुरशीला मोकळे रान मिळते. पुढे चट्टा गोल राहत नाही. कड विस्कटते, वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ उठते, कधी पुरळ दिसते, आणि तो नायटा आहे की इसब आहे की सोरायसिस (पापुद्रे सुटणारा चिवट त्वचारोग), हे सरावलेल्या डोळ्यालाही सांगता येत नाही. वैद्यकात याला टिनिया इनकॉग्निटो, म्हणजे वेश पालटलेला नायटा, असे नाव आहे. अशा वेळी कोंडा खरवडून केलेली ती साधी तपासणी फार मोलाची ठरते, आणि ती करण्यासाठी थेंबभर द्रावण, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक पुरतो.

जांघेत आणि काखेत कातडी मुळातच पातळ असते आणि एकावर एक दुमडलेली असल्याने तेथे मलम अधिक शोषले जाते. तेथे क्लोबेटासॉल काही आठवडे लावले तर बाळंतिणीच्या पोटावर दिसतात तशा रेघा उमटतात. बुरशी जाते, पण त्या रेघा पूर्णपणे जात नाहीत.

याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा मुळीच नाही. इसबाला योग्य ताकदीचे स्टेरॉइड योग्य काळ लावले नाही तर रुग्णाचे हाल होतात, आणि "स्टेरॉइड नको" म्हणून खाजवून खाजवून रक्त काढणारी मुलेही मी पाहतो. इसबावर स्टेरॉइड हे औषध आहे आणि नायट्यावर तेच खतपाणी आहे. दोन्ही चट्टे लांबून सारखे दिसू शकतात. आमचे बरेचसे काम त्या दोहोंमधला फरक ओळखण्याचे आहे.

मलम किती लावायचे यालाही माप आहे. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेऱ्यावर ट्यूबमधून एक रेघ पिळली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. बुरशीचे मलम चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावावे लागते, कारण बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत असते. करगोटा काढून ठेवावा लागतो, कारण तो ओला राहतो आणि बुरशी जपून ठेवतो. टॉवेल वेगळे करावे लागतात, अंतर्वस्त्रे उन्हात किंवा इस्त्रीखाली पूर्ण सुकवावी लागतात आणि घरात ज्याला ज्याला खाज आहे त्या सर्वांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. या गोष्टी सांगायला पाच मिनिटे लागतात आणि चिठ्ठीवर मावत नाहीत.

साता_समुद्रापार

मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे त्वचातज्ज्ञाकडे थेट जाता येत नाही. आधी कुटुंबवैद्याला दाखवावे लागते आणि पुढची भेट मिळायला काही महिने लागतात. मागच्या वर्षी गावाहून परतल्यावर माझ्या मांडीवर नायटा उठला. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या पुरेसे आठवडे घेऊनही तो हलेना. तज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, की तू भारतात शेवटचा कधी गेला होतास? मला आधी राग आला आणि नंतर त्याचे कारण कळले.

ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची एक बुरशी २०२० साली जपानमधील संशोधकांनी स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवली. त्यांच्याकडचे नमुने एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाचे होते. हिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिनचा परिणाम होत नाही, कारण ते औषध बुरशीतल्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते त्या विकराच्या जनुकातच बदल झालेला असतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद झाली, आणि त्यांतील एक बाई अलीकडे परदेशी गेलेलीच नव्हती. आपल्या आळीतल्या ट्यूबचा महासागरापलीकडे काय संबंध, असे मला वाटत असे.

त्वचावैद्य

थोडी पुस्ती जोडतो. औषधाला न जुमानणारी बुरशी केवळ स्टेरॉइडमुळे तयार झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अर्धवट घेतलेल्या गोळ्या, कमी दिवसांचा उपचार, दमट हवा, दाट वस्ती आणि दिवसभर अंगात असलेले घट्ट कपडे ही सगळी कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. स्टेरॉइडच्या मिश्रणांनी संसर्ग रेंगाळत ठेवला आणि रेंगाळलेला संसर्ग घरभर पसरला, एवढे निश्चित म्हणता येते.

स्पष्टवक्ता

सर्व प्रतिसाद वाचले. तरी एक विरोधी सूर लावतो. आमच्या शहरातल्या एका त्वचातज्ज्ञाकडे मी केसगळतीसाठी गेलो होतो. आठशे रुपये घेऊन त्यांनी माझ्या डोक्याकडे दोन मिनिटे पाहिले आणि शाम्पू, सिरम, गोळ्या, फेसवॉश अशी साडेतीन हजारांची यादी त्यांच्याच दवाखान्यातल्या दुकानातून घ्यायला सांगितली. फेसवॉश कशासाठी, हे मला आजपर्यंत कळलेले नाही. भिंतीवर लेझरच्या पॅकेजचे दरपत्रक टांगलेले होते. असे असताना सामान्य माणूस चाळीस रुपयांची ट्यूब घेतो, तर दोष त्याला का द्यावा?

त्वचावैद्य

तुमचा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्यातल्या काही दवाखान्यांत सौंदर्यप्रसाधनांचा पसारा इतका वाढला आहे, की आजारी माणसाने कोठे बसावे असा प्रश्न पडतो. दुसऱ्या बाजूने, वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात त्वचारोगाची स्वतंत्र खिडकी असते, तेथे खर्च अगदी थोडा येतो आणि ही तपासणीही होते. रांग मोठी असते, हे मान्य.

केसगळतीबद्दल मात्र लिहितो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर केस गळणे नैसर्गिक असते. डेंगी, टायफॉइड, कोविड, मोठे ऑपरेशन किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी एकदम मूठमूठ केस हातात येतात, कारण तापाच्या दिवसांत अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत गेलेले असतात आणि त्यांची गळण्याची वेळही एकत्रच येते. दरम्यान रुग्ण ताप विसरलेला असतो आणि तेलाला किंवा बोअरच्या पाण्याला दोष देत असतो. ही गळती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबते. म्हणून केसांच्या रुग्णाला मी आधी तीन महिन्यांपूर्वीचे विचारतो. भांगाची रुंदी, कपाळाची रेषा, टाळूवरचा कोंडा, नाण्याएवढी गुळगुळीत चाई आहे का, आणि टाळूवर केसांची छिद्रे शिल्लक आहेत की बुजून गेली आहेत, हे भिंगातून पाहायला दोन मिनिटे पुरत नाहीत. छिद्रे बुजली असतील तर तेथे केस परत येत नाहीत, म्हणून त्या रुग्णाला लवकर ओळखावे लागते.

स्पष्टवक्ता

मला सप्टेंबरमध्ये डेंगी झाला होता. केस डिसेंबरमध्ये गळू लागले. कोणी विचारलेच नाही.

बांधावरची

आमचे गाव मराठवाड्यात. माझ्या वडिलांचे वय तेव्हा पंचावन्न असेल. त्यांचा चेहरा, मान आणि हात दर पावसाळ्यानंतर काळवंडून जाड होऊ लागले. पापण्या सुजायच्या, मानेच्या वळ्या लाकडाच्या सालीसारख्या खरखरीत झाल्या होत्या आणि सदऱ्याने झाकलेले अंग मात्र स्वच्छ होते. गावात कोणी म्हणाले उष्णता आहे, कोणी म्हणाले फवारणीचे औषध बाधले, आणि कोणी दबक्या आवाजात महारोगाचे नाव घेतले, तेव्हापासून आई त्यांचे ताट वेगळे ठेवू लागली. ते वेगळे ताट मी अजून विसरलेली नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी उन्हाची ॲलर्जी म्हणून तीन वर्षे औषध दिले. शेवटी छत्रपती संभाजीनगरला त्वचाविभागात गेलो. तेथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारले ते बांधाविषयी. बांधावर काय उगवते, ते कोण उपटते, हातमोजे असतात का, वाळल्यावर जाळता का? नंतर वडिलांच्या पाठीवर वेगवेगळ्या संशयित पदार्थांच्या छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस आंघोळ करू नका म्हणून सांगितले, दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहिले आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा बोलावले. पंधरा-वीस खुणांपैकी एकाच ठिकाणी लाल, उंच, फोड आलेली गाठ उठली होती. ती गाजरगवताची होती.

हे तण आपले नव्हे. १९५०च्या दशकात ते पुण्यात प्रथम नोंदवले गेले आणि आयात केलेल्या गव्हाबरोबर आले असे मानले जाते. आज ते प्रत्येक पडीक जागेत आहे. त्याच्या वाळलेल्या केसांचे आणि परागांचे कण हवेतून अंगावर बसतात, म्हणून गवताला हात न लावताही त्रास होतो, आणि पापण्या, मान, कोपराचा आतला भाग अशा जागी तो प्रथम दिसतो. वडिलांना गोळ्या बरीच वर्षे घ्याव्या लागल्या आणि दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी असे. पण निदान लागले त्याच रात्री आईने ताट परत एकत्र मांडले.

काजूवाली

बांधावरची ताई, आमच्या कोकणात काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची हीच गत होते. काजूच्या टरफलातले तेल, बिब्ब्याचे तेल आणि आंब्याचा चीक ही सगळी एकाच कुळातली असल्याने एकाची बाधा होणाऱ्याला दुसऱ्याचीही होऊ शकते, हे मला पट्टीच्या चाचणीनंतर समजले. कंबर दुखली म्हणून आजीने बिब्बा घातला आणि तेथे पाणी भरलेले फोड आले, तेव्हा आजी म्हणाली होती की दुखणे बाहेर पडतेय.

नखशिखान्त

नखांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझ्या हातांची चार नखे पिवळट, जाड आणि टोकाकडे सुटलेली झाली होती. बुरशी म्हणून मी आठ महिने गोळ्या घेतल्या. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत यायला सहा महिने लागतात, आणि पायाच्या अंगठ्याचे नख यायला वर्ष-दीड वर्ष. त्यामुळे "अजून वाट पाहा" हे उत्तर दर वेळी खरेच वाटायचे. नव्या डॉक्टरांनी नखाच्या पृष्ठभागावरचे टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे भिंगातून दाखवले, नखाखालचा भुगा तपासायला पाठवला, आणि मग कोपर, टाळू व कानामागची जागा पाहिली. कानामागे मला स्वतःला माहीत नसलेला, पांढऱ्या पापुद्र्यांचा चट्टा होता. तो सोरायसिस होता आणि बुरशी नव्हतीच. हा आजार सांध्यांनाही धरू शकतो, म्हणून त्यांनी लगेच विचारले, की सकाळी बोटांचे सांधे आखडतात का? आखडत होते. ते मी वयावर घातले होते.

पांढरा_कापूस

मी आरोग्य खात्यात कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाचे काम केले आहे. वर महारोगाचा उल्लेख आला म्हणून दोन शब्द. फिकट चट्टा पाहिला की घरात आधी कोडाची धास्ती बसते आणि कुष्ठरोगाचा विचार मनात आला तरी तो बोलला जात नाही. आमच्याकडे त्यासाठी कापसाचा बोळा असे. माणसाला डोळे मिटायला सांगायचे, चट्ट्याला आणि बाजूच्या कातडीला आळीपाळीने हलकासा स्पर्श करायचा आणि जेथे लागले तेथे बोट ठेवायला सांगायचे. चट्ट्यावर बोट आले नाही की पुढची चौकशी सुरू होई, म्हणजे कोपरामागची नस जाड झाली आहे का, करंगळी वळते का, तळपायाला चप्पल निसटल्याचे कळते का. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतात. लवकर ओळखले तर बोटे शाबूत राहतात. खाज न येणाऱ्या चट्ट्याकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि हा चट्टा नेमका न खाजणारा असतो.

शेवंती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्वचावैद्य, एक विचारायचे राहिले. मुलाच्या गालावरचा डाग आणि सासूबाईंच्या पोटावरचा चट्टा पूर्ण गेला. मामंजींचा कमरेवरचा गेला, तपासणीत आता तंतू दिसत नाहीत आणि गोळ्याही थांबल्या आहेत. जांघेत मात्र तुम्ही लिहिल्या तशा जांभळट रेघा आहेत. त्यांवर लावायला काही मिळते का, असे ते रोज विचारतात, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून परवा त्यांनी एक ट्यूब आणलीसुद्धा.

त्वचावैद्य

रेघांचा जांभळा रंग काही महिन्यांत पांढुरका होईल. त्या पुसल्या जाणार नाहीत आणि त्यांनी काही अपायही होणार नाही. ट्यूबच्या पाठीवरची अक्षरे वाचून येथे लिहा. शेवटी "-सॉल" किंवा "-सोन" असलेले नाव दिसले, तर ते बहुधा स्टेरॉइड असते, म्हणून न उघडता परत करा.

शेवंती

उघडली आहे. बेक्लोमेथासोन लिहिले आहे.

काउंटरमागून

उघडलेली दुकानदार परत घेणार नाही. टाकून द्या, ताई, आणि मामंजींच्या देखत टाका.